मालखेडची हुग्गी

भुताखेतांवर माझा विश्वास नाही हे आधीच लिहून टाकते. या सदरात लिहिणारे सगळेच तसं लिहितात आणि तिसऱ्या ओळीत पांढरी साडी आणतात, हेही मला ठाऊक आहे. माझ्या गोष्टीत पांढरी साडी नाही. अमावस्या नाही, पिंपळ नाही, पैंजणं तर नाहीतच नाहीत. भर दुपारची गोष्ट आहे, आणि मला भीती अजिबात वाटली नव्हती. मला किळस आली होती. आजही येते... एवढं लिहीपर्यंत एकदा उठून चूळ भरून आले.

किळस हा माझा जन्माचा रोग. माहेर औरादजवळच्या एका खेड्यातलं. तिथे कुणी तांब्याला ओठ लावून पाणी पिताना दिसलं की मी दिवसभर तहानलेली राहायचे. आई कपाळावर हात मारून म्हणायची, "ही पोरगी सासरी कशी नांदायची गं बाई!" नांदले. चांगली जन्मभर नांदले.

लग्न झालं ते पोलीस ॲक्शननंतर काही वर्षांनी. राज्य अजून हैदराबादचंच होतं, फक्त हुकूम चालवणारे बदलले होते. मला गुलबर्ग्यात दिलं. आमच्या ह्यांचं कापडाचं दुकान होतं. घरात सगळी कन्नड बोलायची, पण सासूबाई माहेरच्या मराठी, हुलसूरच्या, त्यामुळे हे मराठीही बोलायचे, अगदी आमच्याकडच्यासारखी, हेल काढून. मला कन्नड कळायचं, बोलायची वेळ आली की मात्र दातखीळ बसायची.

लग्नाला वर्ष झालं नाही तोच ह्यांना मुदतीचा ताप धरला. हल्ली त्याला टायफॉईड म्हणतात. ताप उतरला, पण जाताना भूक घेऊन गेला. माणूस ताटावर बसायचा, घास तोंडात घालायचा, कितीतरी वेळ गालात धरून ठेवायचा आणि मग मोरीत जाऊन थुंकून यायचा. पेज, ताकभात, अंबील, लिंबाचं लोणचं, सगळ्याची तीच गत. "तोंडात कापूस कोंबल्यावानी व्हायलंय," म्हणायचे. ती मोरी मी धुवायची. खोटं कशाला बोलू, प्रेमानं नाही धुतली. नाकाला पदर लावून, मनात शिव्या देत धुतली. शिव्या कुणाला द्यायच्या तेवढं कळत नव्हतं.

अंगठी बोटातून गळून पडायला लागली तेव्हा तिला दोरा गुंडाळला. मग दोराही पुरेना. एक दिवस डॉक्टर येऊन तपासून गेले आणि जाताना जिन्यात मला म्हणाले, "माझं औषध संपलं. आता हे खातील तर राहतील." मी अजून विशीत पाऊलही टाकलं नव्हतं. जिन्याचा कठडा धरून उभी राहिले. वरून ह्यांच्या थुंकण्याचा आवाज येत होता.

ह्यांना जुन्या वास्तू बघायचा भारी नाद. गिऱ्हाईक नसलं की दुकानात इतिहासाचं पुस्तक काढून बसायचे. मालखेड बघायचंय हे लग्न झाल्यापासून ऐकत होते. राष्ट्रकूटांची राजधानी, कागिणा नदीच्या काठी किल्ला, एकेकाळी म्हणे जगात नाव होतं. तर एक दिवस अंथरुणातूनच म्हणाले, "मला येकदा मालखेड दाखवून आण." सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माणूस असं काही मागतो तेव्हा त्याचा अर्थ काय असतो ते आम्हा दोघींनाही कळलं, आणि दोघींपैकी कुणीच नको म्हटलं नाही.

भाद्रपदातला रविवार होता. वाडी जंक्शनला गाडी बदलून मालखेड रोड स्टेशनात उतरलो. तिथून गाव लांब. ख्वाजामियाँ नावाच्या गाडीवानाची बैलगाडी केली, खाली कडबा पसरून त्यावर ह्यांना बसवलं. आभाळ असं की सकाळ चाललीय का संध्याकाळ ते समजू नये. धड पाऊस नाही, धड उघाड नाही, नुसती भुरभुर. सगळं ओलं, चिकट, आणि अंगावरच्या लुगड्याला कुबट वास.

आणि ती राजधानी! मालखेडकरांनी राग मानू नये, आठवड्यापूर्वी नदीला पूर येऊन गेला होता आणि पूर ओसरल्यावर कुठलंही गाव तसंच दिसतं. पण मी तरी तेवढी घाण आधी कधी पाहिली नव्हती. बैलगाडी वेशीपाशी सोडून किल्ल्याच्या दरवाज्यात शिरलो तर वर वटवाघळं लोंबकळतायत आणि खाली त्यांच्या लेंड्यांचा राडा. चप्पल त्यात रुतली आणि 'पचक' असा आवाज झाला. शी! तो आवाज मला आजही ऐकू येतो. आणि हे? हे भिंतीवरून हात फिरवत उभे.

"हजार वर्साचा दगड हाय ह्यो, महादेवी."

"हजार वर्सात येकदा तरी धुवायचा हुता मग," मी म्हटलं.

ते हसले. हसल्यामुळेही त्यांना दम लागला, भिंतीला टेकले.

जैनांची बस्ती, म्हणजे त्यांचं जुनं देऊळ, बघितलं, पडक्या बुरुजाखालून गेलो, मग तटाच्या कडेला येऊन नदी बघितली. गढूळ पाणी, आणि काठावर काळ्या गाळाचा जाड थर. त्या गाळात पोट फुगलेलं एक कुत्रं, पांढरे पडलेले मासे, केरसुणी, कुणाची तरी एकच चप्पल. वास असा की डोळ्यांतून पाणी यावं. सोबत मी डब्यात मऊ भात आणि ताक आणलं होतं. म्हटलं, दोन घास खाता का? त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं आणि तोंड फिरवलं. मी डब्याला पुन्हा फडकं बांधलं. त्या वेळी डबा नदीत भिरकावून द्यावा असं वाटलं मला, खरंच.

तेवढ्यात पाऊस आला. चांगला जोरात. तटाच्या आत, उताराला, एक घर धड उभं होतं. धड म्हणजे कसलं, पुढची भिंत अर्धी ढासळलेली, पण वर फरशांचं छप्पर होतं आणि बाहेर वळचणीखाली दगडी कट्टा होता. आम्ही पळालो, म्हणजे मी ह्यांना ओढत नेलं, आणि कट्ट्यावर टेकलो. दाराला फळी नव्हती. आत एक बाई आमच्याकडे पाठ करून बसली होती आणि लोखंडी घमेल्यात चिखल मळत होती. पुरानं खचलेली भिंत लिंपायची असणार. शेण, काड्या, नदीचा तो काळा गाळ. कोपरापर्यंत हात बरबटलेले. मी पदर नाकाला लावला आणि दुसरीकडे तोंड केलं.

आणि आतून आवाज आला.

"उठाऽऽ."

मी ताडकन उठले.

इथे मला नीट सांगितलं पाहिजे, कारण सगळी गोची इथेच आहे. कन्नडमध्ये ऊटा म्हणजे जेवण. ऊटा झालं का, ऊटा करा, हे घरात दिवसातून दहादा कानावर पडायचं, मला माहीत नव्हतं असं नाही. पण मी जे ऐकलं ते मराठी होतं. ठ चा ठसका मी स्वतः ऐकला. आमच्या गावच्या बाया ओट्यावर बसलेल्या पोरांना हुसकवतात, तोच हेल. आणि मला संताप आला. पावसात आजारी माणूस घेऊन क्षणभर टेकलेय आणि ही मला उठवतेय? तीही तसल्या घाणीत बसून?

"चला हो," मी म्हटलं. "नगं आपल्याला हिचा कट्टा. भिजलं तर भिजलं."

हे हसायला लागले. "आगं येडे, बस खाली. ऊटा म्हनायलीय ती. जेवाया बोलावायलीय आपल्याला."

"उठा म्हनली ती. मी काय भैरी हाय का?"

"मी बी काय भैरा न्हाई." आणि मग जरा थांबून, स्वतःलाच नवल वाटल्यासारखं म्हणाले, "मला भूक लागलीय गं."

दोन महिन्यांत त्यांच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं. मी काही बोलायच्या आत ते भिंतीला धरून उठले, आत गेले, आणि त्या ओल्या फरशीवर मांडी घालून बसले. कोट घालून! लग्नातला कोट होता तो.

मी दारात उभी. बाईनं मान वर केली. म्हातारी नव्हती, तरुणही नव्हती, चेहरा अगदी साधा, उद्या बाजारात दिसली तर ओळखू येणार नाही असा. तिनं कोनाड्यातून एक पत्रावळ काढली, त्यांच्यासमोर मांडली, आणि त्याच हातांनी, त्याच घमेल्यातून, मोठा गोळा उचलून वाढला.

चिखल वाढला. तो काळा, चकचकीत, काड्या घातलेला चिखल. मी शपथेवर सांगते. दारातून माझ्यापासून फार तर दोन हातांवर होती पत्रावळ. कडेला एक गांडूळ वळवळत होतं.

ह्यांनी पहिला घास घेतला.

मला वाटलं थुंकतील. थुंकले नाहीत. चावला, गिळला. दुसरा घेतला. बोटं चाटली. अरे देवा... मी पुन्हा पाहिलं तर ते गांडूळ पत्रावळीवर नव्हतं. 'अहो थांबा, माती आहे ती' म्हणायला मी तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात त्यांनी वर बघितलं.

"काय गोड हुग्गी केलीय गं! साजूक तुपातली. ये की, बस."

हुग्गी म्हणजे आमच्याकडची सणाची गव्हाची खीर, गूळ-तूप घालून घट्ट शिजवतात ती. बोलताना त्यांच्या दातांवर काळं होतं. पण कानाच्या पाळ्यांवर तांबडं चढलं होतं आणि कपाळावर घाम आला होता, जेवणाऱ्या माणसाला येतो तसा. मी त्यांच्या गळ्याकडे बघत राहिले. घाटी वर जात होती, खाली येत होती. दोन महिने मी ती घाटी हलायची वाट बघत होते. डॉक्टर म्हणाले होते, खातील तर राहतील. काय खातील ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

मी तोंड मिटलं. ना काही म्हणाले, ना हात धरला. घराच्या मागे गेले आणि तटाला धरून पोटातलं सगळं ओकून टाकलं. ओकता ओकता आतून ह्यांचा आवाज ऐकला, "इन्न स्वल्प हाक्री." अजून थोडं वाढा. आणि घमेलं फरशीवर सरकल्याचा आवाज.

पाऊस उतरल्यावर ते आपल्या पायांनी वेशीपर्यंत चालत आले. मी मागे, त्यांच्याकडे न बघता. ख्वाजामियाँ बैलांना चारा घालत होता. ह्यांनी त्याला कौतुकानं सांगितलं, खाली एका बाईनं बोलावून जेवू घातलं म्हणून. त्याला कळेना. कुठलं घर? तटाखालचं? कट्ट्याचं?

"उने कैसा बुलाई साब?" तो म्हणाला. "गूंगी है ना उने. पैदाइशी गूंगी."

हे हसले. "दुसरीच असंल कुनीतरी."

"दूसरी कां से आई? वो बाजू कू एकीच घर बचा है. चूल्हा भी बह गया उसका पूर में. गाँव में मांग के खाती बेचारी." मग माझ्याकडे वळून, "क्या अम्मा, आप भी सुने क्या?"

मी होकाराची मान हलवली. काय ऐकलं ते नाही सांगितलं. परत त्या घराकडे जाऊन बघावं असं माझ्या मनातही आलं नाही. मला तिथून निघायचं होतं, घरी जाऊन डोक्यावरून पाणी घ्यायचं होतं.

गाडीत हे माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपले. त्यांचा उजवा हात माझ्या मांडीवर पडला होता. नखांत काळी माती भरलेली होती, बोटांच्या सांध्यांत सुकलेली होती. मी तो हात हळूच उचलून बाजूला ठेवायला गेले आणि तो माझ्या नाकाजवळून गेला. वास तुपाचा आला. कढवलेल्या लोण्याचा आणि गुळाचा, वेलदोड्यासकट. डोळ्यांना माती आणि नाकाला तूप! त्या दिवसापासून मी तूप खाल्लेलं नाही. दुसऱ्यांच्या पोळीला लावते, पंगतीत वाढते, स्वतः मात्र कोरडी खाते.

त्याच संध्याकाळी घरी आल्यावर ह्यांनी भाकरी मागितली. सासूबाई रडायला लागल्या. मी भाकऱ्या थापल्या, ते खात गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. महिन्याभरात अंगठी बोटात बसली. डॉक्टरांना मी एकटीनं गाठून सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, अशक्तपणात माणसाला माती खायची वासना होते, रक्त कमी झालं की होतं तसं. बरं. मग हुग्गी का दिसली? म्हणाले, तापातून उठलेल्या माणसाचं डोकं थाऱ्यावर नसतं. बरं. मग मला तुपाचा वास का आला? यावर ते हसले आणि म्हणाले, तुम्हीही दमला आहात.

ह्यांना मी काही बोलले नाही. बऱ्या झालेल्या माणसाला कशाला सांगायचं, तू चिखल खाल्लास म्हणून? याची मला लाज वाटत नाही, आज पुन्हा तशीच वेळ आली तर पुन्हा गप्प बसेन. पण त्याचा त्रास मलाच झाला. कारण ह्यांनी ती हुग्गी जन्मभर डोक्यावर घेतली. सण आला, मी पहाटे उठून गहू सडून हुग्गी करायची, पंगत बसायची, सगळे वा वा करायचे, आणि हे पहिला घास घेऊन म्हणायचे, "चांगली झालीय. पन मालखेडच्या बाईसारखी न्हाई." पाहुण्यांसमोर! अशा वेळी काय वाटायचं ते कुणाला सांगू? गांडुळाशी बरोबरी व्हायची माझ्या स्वयंपाकाची, आणि त्यातही मी हरायची.

वर्षं गेली. मुलं झाली, नातवंडं झाली, हैदराबाद राज्य मोडून आम्ही म्हैसूर राज्यात गेलो, मग कर्नाटकात. ह्यांचं शेवटचं दुखणं पोटाचं. पुन्हा अन्न तुटलं. पुन्हा तेच, घास गालात धरणं, थुंकणं. फक्त आता मोरी धुताना माझे गुडघे दुखायचे. एक दिवस माझा हात धरून म्हणाले, "मालखेडची हुग्गी मिळाली तर जगंन बघ मी."

मी दुसऱ्या दिवशी एकटी बसनं मालखेडला गेले. मुलाला सांगितलं, देवाला जाते. त्या उताराला आता घर नव्हतं, कट्टा नव्हता, बाभळी वाढल्या होत्या. बाईबद्दल कुणाला विचारणार, इतकी वर्षं झालेली. मी खाली नदीवर गेले, पदर खोचला, आणि या हातांनी, तांब्याला ओठ लागला तर पाणी न पिणाऱ्या या बाईनं, काठावरचा काळा गाळ स्टीलच्या डब्यात भरून घेतला. वासानं जीव नकोसा झाला. घरी येऊन दार लावलं, गाळ मळला, पत्रावळ मांडली आणि त्यांना उठवून बसवलं.

बोटभर दिला. त्यांनी तोंडात घेतला आणि लगेच थुंकला. चादरीवर काळं सांडलं.

"माती हाय ही," ते म्हणाले. माझ्याकडे असं बघितलं की मी मरेपर्यंत विसरणार नाही. "कामून गं? माती कामून चारायलीस मला?"

तेव्हा मला राहवलं नाही. रडत रडत सगळं सांगितलं. तवाबी मातीच हुती, मी बघितली, ह्या डोळ्यांनी बघितली, गांडूळ हुतं, तुमी चाटून पुसून खाल्लात, मी मागं जाऊन वकले...

मी त्यांची हनुवटी ओल्या फडक्यानं पुसत होते. मग अगदी हळू, समजूत काढल्यासारखे म्हणाले, "तुला उठा म्हनली हुती न्हवं ती? मग तुला हुग्गी कशी दिसंल?"

चार दिवसांनी गेले. पोटात काही नव्हतं.

माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. वाचकांपैकी कुणाकडे असेल तर जरूर कळवा, पण रक्त कमी होतं, डोकं थाऱ्यावर नव्हतं, असलं लिहू नका, ते सगळं डॉक्टरांकडून ऐकून झालंय. मला एवढंच सांगा, मुकी बाई बोलली कशी? आणि बोललीच, तर सकाळपासून उपाशी मीही होते, तिच्याच कट्ट्यावर ह्यांना लागून बसले होते... मला का नाही जेवायला बोलावलं तिनं?